हौसेला मोल नाही, पण गुडघ्याला आहे

दिवाळी सरली की आमच्यासारख्या लहान गावातही सहल कंपन्यांच्या जाहिराती झळकू लागतात. पूर्वी त्यांत काशी, रामेश्वर, चारधाम अशी नावे असत. आता त्यांच्या जोडीला गुलमर्ग, मनाली, औली आणि ज्यांची मुले परदेशी आहेत त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडही असते. जाहिरातीतील चित्र ठरलेले. पांढराशुभ्र उतार, पायाला दोन लांब फळ्या, हातात दोन काठ्या, डोळ्यांवर काळा चष्मा आणि चेहऱ्यावर हसू. हा खेळ म्हणजे स्कीइंग.

मग डिसेंबर-जानेवारीत माझ्या दवाखान्यात ‘फिटनेस सर्टिफिकेट’साठी मंडळी येऊ लागतात. त्यांचे प्रश्न दोन असतात. पहिला, ‘डॉक्टर, मी जाऊ का?’ दुसरा जरा हळू आवाजात विचारला जातो, ‘तुम्ही जाऊन आलात ना? खरोखर मजा येते का हो?’ पहिल्या प्रश्नाचे उत्तर रक्तदाब, साखर, ईसीजी पाहून देता येते. दुसऱ्याचे उत्तर मला एका शब्दात देता येत नाही. पण या दुसऱ्या प्रश्नाचा आपल्या प्रकृतीशी फार जवळचा संबंध आहे, असे माझे मत झाले आहे. म्हणून आज त्याविषयीच लिहितो.

खेळ कोठून आला?

स्की ही मुळात मौजेची वस्तू नव्हे. नॉर्वे, स्वीडन या देशांत वर्षाचे कित्येक महिने जमीन बर्फाखाली असते. अशा ठिकाणी शिकारीला, सरपणाला, शेजारच्या वस्तीवर जायला लोक हजारो वर्षांपासून पायाला लाकडी फळ्या बांधत आले. ‘स्की’ या शब्दाचा मूळ अर्थच ‘चिरलेले लाकूड’ असा आहे. आपल्याकडे बैलगाडी, तशी त्यांच्याकडे स्की. एकोणिसाव्या शतकात नॉर्वेतील टेलेमार्क भागातल्या लोकांनी त्याचा खेळ केला आणि तो आल्प्स पर्वतात पोहोचला.

या प्रवासात आम्हा डॉक्टरांचा एक व्यवसायबंधूही आहे. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल हे पेशाने डॉक्टर. त्यांच्या पत्नीला क्षयरोग झाला, म्हणून ते तिला घेऊन स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे राहिले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. डोंगरावरची कोरडी, थंड हवा, ऊन, विश्रांती आणि सकस आहार हाच उपचार. आपल्याकडे पाचगणीला किंवा मिरजेजवळ वानलेसवाडीला आरोग्यधामे उभी राहिली ती याच विचाराने. दाव्होसला डॉइलसाहेबांनी नॉर्वेहून स्की मागवल्या आणि मार्च १८९४ मध्ये दोन स्थानिक भावांबरोबर डोंगर ओलांडून ते अरोसा गावी गेले. पुढे त्यांनी त्यावर लेख लिहिला. त्यात आपण किती वेळा पडलो आणि बसून घसरल्यामुळे कधीच न झिजणाऱ्या कापडाची विजार कशी झिजली, हे त्यांनी मोकळेपणाने सांगून टाकले आहे.

पुढे १९४० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसीन निघाले, क्षयावर गोळ्या-इंजेक्शने आली आणि आल्प्समधील अनेक आरोग्यधामांची हॉटेले झाली. जेथे आजारी माणसे बरी होण्यासाठी जात, तेथे आता धडधाकट माणसे जातात आणि त्यांतली काही पायाला प्लॅस्टर घालून परततात.

मजा कोणाला येते?

मजा येते, यात शंका नाही. पण ती कोणाला येते हे नीट पाहावे. नॉर्वेची माणसे पायात स्की घालूनच जन्माला येतात, असे तिकडे गमतीने म्हणतात. कोकणातले पोर जसे विहिरीत पोहायला शिकते, तसे तिथले पोर चालायला लागले की बर्फावर घसरायला शिकते. त्याला पडण्याची भीती नसते, कारण ते अजून जमिनीपासून फार उंच झालेले नसते!

स्वीडनमध्ये ‘वासालोपेट’ नावाची ९० किलोमीटरची स्की-शर्यत १९२२ पासून होते. हे डोंगरावरून वेगाने खाली येणे नव्हे, तर सपाट व चढउताराच्या प्रदेशातून हातापायांच्या बळावर लांब पल्ला कापणे. तेथील डॉक्टरांनी या शर्यतीत भाग घेणाऱ्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. इतर लोकसंख्येच्या मानाने त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले, नैराश्याचे प्रमाणही कमी आढळले. अर्थात जो ९० किलोमीटर जाऊ शकतो तो आधीपासूनच बऱ्यापैकी निरोगी असणार, हेही ध्यानात घ्यायला हवे. तरीही थंड स्वच्छ हवेत हृदयाला, फुप्फुसांना आणि मांड्यांना एवढा व्यायाम देणारे खेळ थोडेच आहेत, हे मान्य करावे लागेल.

आपल्या देशातही हा खेळ रीतसर शिकता येतो. गुलमर्गला केंद्र सरकारची स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आहे. औलीलाही उतार आहेत. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांतील बर्फावरचे खेळ तेथे झाले होते. माझ्या परिचयाचा एक अभियांत्रिकीचा विद्यार्थी दोन आठवड्यांचा स्कीइंगचा अभ्यासक्रम करून आला. पहिले चार दिवस आपण रडकुंडीला आलो होतो, असे त्याने सांगितले. पाचव्या दिवशी वळता येऊ लागले, आठव्या दिवशी थांबता येऊ लागले आणि मग परत यावेसे वाटेना. त्याच्या मजेविषयी मला शंका नाही, कारण त्याने ती कमावली होती.

आपली दोन तासांची मजा

आपण बहुतेक जण करतो ते मात्र वेगळे. २०२३ च्या फेब्रुवारीत आम्ही उभयता गुलमर्गला गेलो होतो. आदल्या दिवशी मुंबईच्या उकाड्यात, दुसऱ्या दिवशी श्रीनगर, तिसऱ्या दिवशी सकाळी गुलमर्ग. तेथे भाड्याचा कोट, भाड्याचे बूट, भाड्याच्या स्की. स्कीचे बूट म्हणजे प्लॅस्टिकची एक ताठ नळी. त्यात पोटरी आवळली जाते आणि घोटा जराही हलत नाही. ते घालून सपाटीवर शंभर पावले चालणेही कष्टाचे. मग ज्या उतारावरून घसरायचे त्याच्या माथ्यावर आपले आपण चढायचे. माझ्या मुलाच्या वयाचा काश्मिरी शिक्षक पुढे शीळ घालत चालला होता. मी मागे धापा टाकत होतो.

त्याने शिकवलेली पहिली गोष्ट म्हणजे गुडघे वाकवा, पुढे झुका, फळ्यांची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवा म्हणजे वेग आटोक्यात राहतो. सांगायला सोपे आहे. घसरू लागल्यावर माणूस नेमका घाबरून मागे झुकतो आणि बसतो. दीड-दोन तासांत मी अकरा वेळा पडलो. प्रत्येक वेळी उठणे हे पडण्यापेक्षा अवघड होते. हातमोजे भिजले, बोटे बधिर झाली.

पण बाराव्या खेपेला काय झाले कोण जाणे, मी वीस-पंचवीस पावलांचे अंतर न पडता खाली आलो. दहा सेकंद असतील फार तर. त्या दहा सेकंदांत फळ्यांच्या सळसळीखेरीज आवाज नव्हता आणि शरीराला वजनच नसल्यासारखे वाटले. पन्नाशीत तसे वाटणे ही साधी गोष्ट नाही. ती मजा खरी होती. आमच्या सौभाग्यवतींनी मात्र स्कीला हातही लावला नाही. त्या उन्हात खुर्ची टाकून कहवा पीत समोरचा डोंगर पाहत बसल्या. संध्याकाळी कोणाला जास्त मजा आली यावर आमचा वाद झाला, तो अजून मिटलेला नाही.

परतल्यावर सर्वांना मी काय सांगितले? ‘फार मजा आली!’ एवढेच. अकरा वेळा पडल्याचे वगळून दहा सेकंदांचे सांगितले. सगळेच तसे करतात. एक तर पैसे भरलेले असतात. दुसरे, सहप्रवाशांत हसे नको असते. तिसरे, मुलांनी मोठ्या प्रेमाने आईबापांना पाठवलेले असते, त्यांचे मन कसे मोडायचे? शिवाय आठवणीचा स्वभावच असा, की ती ओले मोजे विसरते आणि फोटो तेवढा जपते. इथवर काही बिघडत नाही. मला काळजी वाटते ती पुढच्या पायरीची. ‘मजा आलीच पाहिजे’ असे मनाने घेतले की माणूस शरीराची तक्रार दाबू लागतो.

माझ्याकडे येणारे एक सेवानिवृत्त गृहस्थ आहेत. गुलमर्गच्या वरच्या टप्प्यावर त्यांच्या छातीवर दडपण आले, डाव्या खांद्यात कळ आली. बरोबर सौ. होत्या, शिवाय तीस जणांचा समूह होता. ते कोणालाही बोलले नाहीत. ‘सगळ्यांचा विरस झाला असता,’ असे त्यांनी मला दहा दिवसांनी सांगितले. ईसीजी पाहून मी त्यांना तातडीने हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवले. एक रक्तवाहिनी बरीच बंद झाली होती, स्टेंट बसवावा लागला. ते वाचले हे त्यांचे नशीब. दुसऱ्या एक शिक्षिका. गुडघा मुरगळला असताना ‘एवढ्या लांब आलोय’ म्हणून त्या पुन्हा उतारावर गेल्या. ‘लोकांना सांगते मजा आली, तुम्हाला खरं सांगते डॉक्टर, मला पहिल्या पाच मिनिटांत परत जायचं होतं,’ हे त्यांचे शब्द. ते पाचव्या मिनिटाला म्हणण्याची मुभा आपण सहलीत एकमेकांना देत नाही.

उंचीचा हिशेब

आपल्या राज्यातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई, सुमारे ५,४०० फूट. गुलमर्गचे मैदान सुमारे ८,७०० फुटांवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या दीडपटीहून उंच. तेथील गोंडोला, म्हणजे लोंबकळत्या पाळण्यांची दोरवाट, दोन टप्प्यांत अफरवाट डोंगरावर सुमारे १३,००० फुटांपर्यंत नेते. पाळण्यात बसून माणूस काही मिनिटांत तेथे पोहोचतो. पण रक्ताला आणि फुप्फुसांना त्या उंचीची सवय व्हायला दिवस लागतात. १३,००० फुटांवर श्वासागणिक मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या मानाने साठ-पासष्ट टक्केच असतो.

सुमारे ८,००० फुटांच्या वर डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे, थकवा अशी लक्षणे धडधाकट तरुणालाही होऊ शकतात. विश्रांती घेतली आणि आणखी वर गेले नाही तर बहुधा ती एक-दोन दिवसांत शमतात. परंतु बसल्या जागी धाप लागणे, खोकला, ओठ निळसर होणे, तोल जाणे किंवा बोलण्यात भ्रम जाणवणे ही धोक्याची खूण आहे. तेव्हा ताबडतोब खाली उतरायचे, ‘सकाळी बघू’ म्हणायचे नाही.

हृदयाच्या बाबतीत तर तीन गोष्टी एकत्र येतात. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात व रक्तदाब चढतो, विरळ हवेत प्राणवायू कमी पडतो आणि वर्षभर खुर्चीत बसलेला देह अचानक कष्टाला जुंपला जातो. ऑस्ट्रियातील डॉक्टरांनी तेथील स्की-उतारांवरील मृत्यूंचा अभ्यास केला, तेव्हा अपघातांच्या जोडीने मध्यमवयीन पुरुषांतील हृदयविकार हे मोठे कारण दिसून आले. सहलीचे पहिले एक-दोन दिवस त्यांत विशेष धोक्याचे ठरले.

गुडघा, अंगठा आणि डोके

या खेळात साधारण एक हजार माणसे एक दिवस खेळली तर दोन-तीन जणांना दुखापत होते, असा पाश्चात्त्य देशांतील हिशेब आहे. हे प्रमाण फार भयंकर नव्हे. पण नवशिक्यांत ते जास्त असते आणि आपण सगळेच नवशिके. पूर्वी पायाची नळी मोडत असे. आता पडताच बूट स्कीपासून सुटावा अशी कळ असते, त्यामुळे नळी पुष्कळदा वाचते, पण सगळा पीळ गुडघ्यावर येतो. एकूण दुखापतींपैकी सुमारे एक तृतीयांश गुडघ्याच्या असतात. गुडघ्यातील अस्थिबंध तुटला तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतर सहा-नऊ महिने व्यायाम. हातातील काठी न सोडता पडल्यास अंगठ्याच्या मुळाशी असलेला बंध फाटतो. या दुखण्याला ‘स्कीवाल्याचा अंगठा’ असेच नाव आहे. ‘नुसते मुरगळले’ म्हणून ते दुर्लक्षिले जाते आणि मग पिशवी उचलताना पकडच राहत नाही.

डोक्याला हेल्मेट हवेच. मोटारशर्यतीत सात वेळा जगज्जेता ठरलेला मायकेल शूमाकर २९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधील मेरिबेल येथे स्कीइंग करताना पडला, डोके खडकावर आपटले. डोक्यावर हेल्मेट असूनही मेंदूला गंभीर इजा झाली. हेल्मेटने धोका कमी होतो, संपत नाही. आणि आखून दिलेल्या उताराबाहेर तर मुळीच जाऊ नये. १ फेब्रुवारी २०२३ रोजी अफरवाटच्या उतारावर हिमकडा कोसळून दोन पोलिश स्कीपटू मरण पावले. ते काही आपल्यासारखे दोन तासांचे पाहुणे नव्हते.

ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परावर्तित करतो. म्हणजे ऊन वरूनही लागते आणि खालूनही. काळा चष्मा नसेल तर काही तासांनी डोळे लाल होतात, वाळू गेल्यासारखे खुपतात, उजेड सोसत नाही. थंडीत ऊन लागत नाही या समजुतीने नाक, ओठ, हनुवटीखालची कातडी भाजून घेणारे पुष्कळ. आणि एक गैरसमज, थंडीवर ब्रँडी. मद्याने कातडीच्या रक्तवाहिन्या फुलतात, म्हणून ऊब वाटते. प्रत्यक्षात शरीराची उष्णता बाहेर पडते, शिवाय तोल व विवेक दोन्ही जातात.

मग जावे की न जावे?

माझे मत विचाराल तर जावे. हिमालयाचा बर्फ पाहणे हे कोणाच्याही आयुष्यातले सुख आहे. पण बर्फ पाहणे आणि बर्फावर घसरणे या दोन गोष्टी आहेत, त्यांची सांगड घातलीच पाहिजे असे नाही. ज्यांना खरोखर हा खेळ शिकायचा आहे त्यांनी आठ-पंधरा दिवस काढून रीतसर शिकावा. वय त्याच्या आड येत नाही, तयारी नसणे आड येते. ज्यांच्याकडे दोनच तास आहेत त्यांनी त्या दोन तासांकडून फार अपेक्षा करू नये. लहानशा उतारावर, शिक्षकाचा हात धरून, चार वेळा पडून हसावे आणि थांबावे. ‘आता शेवटची एक घसरण’ ही दुपारनंतरची घसरण टाळावी. मांड्या थकलेल्या असतात आणि बर्फही निबर झालेला असतो. आणि ज्यांना खुर्चीत बसून कहवा प्यायचा आहे त्यांना कोणी भित्रे म्हणू नये.

हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, दमा, जुनी गुडघेदुखी, ठिसूळ हाडे असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी स्कीचा नाद करू नये. मधुमेह्यांनी इन्सुलिन कोटाच्या आतल्या खिशात ठेवावे, गोठलेले इन्सुलिन निकामी होते. उंचीचा त्रास टाळण्यासाठी गोळी मिळते, पण ती सर्वांना चालत नाही, म्हणून स्वतःच्या मनाने किंवा सहप्रवाशाने दिली म्हणून घेऊ नये. पोहोचल्यावर पहिला दिवस विश्रांतीचा ठेवावा, पाणी भरपूर प्यावे आणि दोरवाटेचा वरचा टप्पा शेवटच्या दिवशी करावा. घरच्या मुलाबाळांनी तिकिटाबरोबर आईवडिलांना एक वाक्यही द्यावे, ‘नाही जमलं तर सोडून द्या, पैशांचा विचार करू नका.’ या वाक्याने एखाद्याचा जीव वाचू शकतो.

आणि तयारीचे म्हणाल तर ती आजपासून घरीच करता येते. रोज अर्धा तास भरभर चालणे, दोन मजले जिने चढणे, झेपतील तेवढ्या बैठका, बारा सूर्यनमस्कार आणि भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे अर्धा मिनिट बसणे. दीड महिना हे केले तर गुडघ्याभोवतीचे स्नायू बळकट होतात आणि मग बर्फावर जाणे झाले नाही तरी त्याचा तोटा नाही. ज्यांचे फेब्रुवारीचे बुकिंग झाले आहे त्यांनी डॉक्टरांकडे या महिन्यातच जावे. निघण्याच्या आदल्या रात्री केवळ सही-शिक्क्यासाठी येऊ नये.